शंभर टक्क्यांची काच

आमच्या बेटावर इंग्रजी शिकवणारे दोन वर्ग होते आणि दोन्हींच्या काचेवर एकच वाक्य होतं: निकाल शंभर टक्के. माझ्या काचेवर लाल अक्षरांत, समोरच्या थेआनोबाईच्या काचेवर सोनेरी. दोन्ही वाक्यं खरी होती. ज्यांना परीक्षेला बसवलं ते सगळे पास झाले होते. ज्यांना बसवलंच नाही त्यांचे फोटो काचेवर कोण लावतो?

ग्रीसमध्ये युरो यायच्या आधी ड्राख्मा चालत होते तेव्हाची ही गोष्ट. पोरगं आठ-नऊ वर्षांचं झालं की त्याला संध्याकाळच्या इंग्रजीला घालायचं, हा आमच्याकडे बाप्तिस्म्यासारखा ठरलेला विधी. शाळेत शिकवतात ते इंग्रजी कुणी धरतच नाही. परीक्षा जूनमध्ये, समुद्रापलीकडे काव्हालाला, बोटीनं पाच तास. फॉर्म फेब्रुवारीत भरायचे. त्याआधी आम्ही मास्तर लोक वर्गातच एक चाचणी घ्यायचो आणि कोण जाणार ते ठरवायचो. ज्याची खात्री नाही त्याच्या आईला सांगायचं, "अजून कच्चा आहे, पुढच्या वर्षी बघू." आई ऐकायची. डॉक्टरचं ऐकतात तसं मास्तरचं ऐकायची आमची माणसं. ऑगस्टात निकाल आला की पास झालेल्यांचे फोटो काचेवर, आणि वर तेच वाक्य.

मी विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही. चौदा वर्षं जहाजांच्या पोटात इंजिनांना तेल घातलं. इंग्रजी शिकलो ते लिव्हरपूलच्या एका शिवराळ फिटरकडून आणि इंजिनांबरोबर येणाऱ्या तेलकट पुस्तकांतून. नंतर एकट्यानं अभ्यास करून सगळ्यात वरची परीक्षा दिली, आणि त्या कागदावर सरकारनं मला वर्ग उघडायचा परवाना दिला. थेआनोबाई अथेन्सच्या विद्यापीठातली. माझ्या पाठीमागं ती मला 'इंजिनवाला' म्हणायची. त्यामुळं मला दरवर्षी तिच्यापेक्षा एक तरी फोटो जास्त हवा असायचा आणि काचेवर एकही डाग नको असायचा.

"त्या काचेचं काय नाक गळतंय का? सारखा पुसत असतोस," माझी बायको मेरोपी म्हणायची.

सप्टेंबरात एक दिवस एव्हांथिया वर्गात आली. चव्वेचाळीस वर्षांची, विधवा, आरोग्य केंद्रात फरशी पुसणारी. तिचं काम आठ-आठ महिन्यांच्या करारावर होतं. आठ महिने झाले की घरी बसायचं आणि पुन्हा नाव लागावं म्हणून कुणाकुणाला नमस्कार घालत फिरायचं. हातात झाकलेली ताटली होती, आत क्विन्स नावाच्या फळाच्या वड्या.

"मास्तर, मला कागद पाहिजे," ती म्हणाली.

"कसला कागद?"

"इंग्रजीचा. पुढच्या सप्टेंबरात केंद्रात नोंदणीच्या टेबलावर जागा निघणार आहे. कायमची. दहावीचा दाखला माझ्याकडे आहे. इंग्रजीचा दाखवला तर नाव वर जातं. मरेपर्यंत बादली उचलायची नाही मला, मास्तर. कंबर गेली."

"इंग्रजी येतं का तुला?"

त्यावर ती माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली आणि मी खुर्चीतच सरळ झालो. तुमची खोली फार कोंदट आहे, खिडकी उघडली तर आपली हरकत नसावी, असं काहीतरी म्हणाली. पण कसं! एखाद्या सरदारघराण्यातल्या म्हातारीनं चहाचा कप खाली ठेवत म्हणावं तसं. टेकडीवरच्या दगडी घरात मिस पेल नावाची एक इंग्रज बाई राहायची. एव्हांथियानं तिची नऊ वर्षं सेवा केली होती. म्हातारीला आमची भाषा कधीच आली नाही, म्हणून हिनं तिची उचलली. कानानं. मी इंजिनखोलीत उचलली तशीच. एवढं एक लक्षात ठेवा, कारण मी ते विसरलो.

ती आठवड्यातून तीनदा यायची आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोरांमध्ये शेवटच्या बाकावर बसायची. पोरं तिला मावशी म्हणायची आणि उच्चार विचारायला माझ्याऐवजी तिच्याकडे जायची. तिला ऐकून समजत होतं, वाचून समजत होतं. बोलण्यात तर ती माझ्या पुढं होती. अडायची ते लिहिण्यात, आणि तेही एका जागी.

विदाऊट, आफ्टर, बिफोर, इन्स्टेड ऑफ, असल्या शब्दांमागून क्रियापद आलं की इंग्रजीत त्याला 'इंग'ची शेपटी लावावी लागते. विदाऊट ईटिंग. आफ्टर वॉशिंग. आमच्या भाषेत तसं काही नाही. आम्ही तिथं क्रियापदाच्या आधी एक चिमुकला शब्द ठेवतो आणि मोकळे होतो. म्हणून आमचा माणूस इंग्रजी बोलताना हटकून 'विदाऊट टू ईट' म्हणतो. आईच्या दुधातून आलेली चूक आहे. ही चूक ऐकली की जगातल्या कुठल्याही बंदरात मी सांगेन, हा आपला.

ती चूक घालवायला माझी एक कवायत होती. मी 'विदाऊट' म्हणालो की सगळ्या वर्गानं दोन्ही हातांनी जाळं ओढल्यासारखं करायचं आणि ओरडायचं, "इंग!" एव्हांथियाही ओढायची. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि वही उघडली की पुन्हा विदाऊट टू ईट.

"मिस पेलनं कधी सुधारलं नाही का तुला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"एकदा सुधारलं. मग म्हणाली, तुला काय म्हणायचंय ते मला कळतं, मग कशाला वेळ घालवायचा?"

"परीक्षकाला नुसतं कळून चालत नाही."

"मग त्याला काय पाहिजे असतं?"

"शेपटी."

"माकडं कुठली," ती म्हणाली, आणि मागचा बाक फुटेस्तोवर हसला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चाचणी झाली. त्या वर्षी माझे चौदा जण पक्के होते. थेआनोबाईचेही चौदाच, हे मला बेकरीत कळलं होतं. एव्हांथिया पंधरावी. पास झाली तर एक फोटो जास्त. पण नापास झाली तर? सोळा वर्षांत पहिल्यांदा ते लाल वाक्य खरवडून काढावं लागलं असतं. आणि समोरची सोनेरी बाई फूटपाथवर उभी राहून ते बघणार होती.

निबंधाचा विषय होता, न विसरता येणारा दिवस. एव्हांथियानं मिस पेलच्या शेवटच्या दिवसावर लिहिलं होतं. म्हातारीनं झोपण्याआधी खिडकी उघडायला सांगितली. समुद्र दिसेना, म्हणून हिनं पलंग ओढून खिडकीशी नेला. डॉक्टरला बोलावण्याऐवजी हिनं तिचा हात धरला, कारण तिनं तसंच सांगितलं होतं. दीड पान. मी ते दोनदा वाचलं. मग लाल पेन उचललं.

तीच चूक सात वेळा होती.

आता नियम ऐका. एकच चूक पुन्हा पुन्हा झाली तर गुण एकदाच कापायचे. हा परीक्षेचा नियम आहे, मला तो पाठ होता आणि त्या चौदा पोरांना मी तो लावला. एव्हांथियाच्या कागदावर मी सातही वेळा गोल काढून गुण कापले. दर वेळी दोन. पासाला साठ लागत होते. माझी बेरीज चोपन्न आली. मला ती यायलाच हवी होती.

शेवटच्या वाक्याभोवती मी दोनदा गोल काढला. ते होतं: शी डाइड विदाऊट टू बी अफ्रेड. न घाबरता गेली ती.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं.

"चोपन्न," मी म्हणालो.

ती फळ्याकडे बघत राहिली. "साठ पाहिजेत ना?"

"अजून कच्चं आहे. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी जागा नसेल, मास्तर."

"मग नापास होऊन येणारेस का? त्यानं जागा मिळणार आहे?"

"नाही, ते खरं." तिनं वही पिशवीत घातली. "तुम्हाला खरंच वाटत नाही? थोडंसंही नाही? चार महिने आहेत अजून. मी रोज ओढीन ते जाळं."

"एव्हांथिया, मी सोळा वर्षं हे करतोय."

"हो, तेही आहेच," ती म्हणाली. "चाचणीचा कागद राहू दे तुमच्याकडेच. घरी नेऊन काय करू? भिंतीवर लावू?"

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. वर्गामार्फतच बसावं लागतं असं नव्हतं. कुणीही काव्हालाच्या केंद्राला स्वतः फॉर्म पाठवू शकत होतं. आम्ही मास्तर लोक हे कुणालाच सांगत नव्हतो. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं आम्ही धरून चाललो होतो. मी पुढचे नऊ-दहा महिने त्याच उशीवर डोकं ठेवून झोपलो.

जूनमध्ये चौदा पोरांना घेऊन बोटीनं गेलो. धक्क्यावर एव्हांथिया आली होती. प्रत्येकाला तिनं तुळशीची एकेक काडी दिली, चर्चमधून आणलेली. "जाळं ओढायला विसरू नका रे," ती ओरडली, आणि चौदाही पोरांनी कठड्यावरून हात ओढून दाखवले. "इंग!"

ऑगस्टात चौदाही पास. पोरांचे आईबाप मिठाईची ताटं घेऊन आले, तशी रीतच आहे. एव्हांथियाही आली, बदामाच्या वड्यांचं ताट घेऊन.

"तू कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मावशी आहे ना मी यांची," ती म्हणाली.

मेरोपीनं तिच्या हातातून ताट घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी फोटो चिकटवायला बाहेर गेलो.

त्या चौदांत सगळ्यात मोठी, पोलिक्सेनी नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. नीटनेटकी, गप्प, व्याकरणात एक नंबर. गाळलेल्या जागा द्या, श्वास न घेता भरायची. सप्टेंबरात आरोग्य केंद्रातली जागा तिला मिळाली. तिनं काही कुणाचं हिसकावलं नाही. तिच्याकडे कागद होता. कागद मीच तिला मिळवून दिला होता.

ऑक्टोबरात मी केंद्रात रक्तदाब मोजून घ्यायला गेलो होतो. नर्सनं दंडाला पट्टा बांधला आणि औषध आणायला आत गेली. मी बाकावर तसाच. टेबलामागं पोलिक्सेनी, आणि कॉरिडॉरच्या टोकाला बादली आणि फडकं घेऊन एव्हांथिया.

तेवढ्यात एक परदेशी माणूस धावत आत आला. त्याच्या खांद्यावर त्याची बायको अर्धवट लोंबत होती. तिचं तोंड सुजलेलं, ओठ निळसर. माणूस भराभर इंग्रजीत काहीतरी सांगत होता आणि हुंदके देत होता. पोलिक्सेनी उभी राहिली. तिचे ओठ हलले. मग तिनं नोंदणीचा कागद त्याच्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "प्लीज फिल." आणि रडायलाच लागली. व्याकरणात चूक नव्हती.

मी उठायला गेलो तर पट्ट्याच्या नळीत अडकलो.

बादली आडवी झाल्याचा आवाज आला. एव्हांथिया ओल्या हातांनीच धावली. त्या बाईला तिनं जमिनीवर टेकवून बसवलं आणि नवऱ्याचा दंड धरला. "कधी झालं?" तिनं इंग्रजीत विचारलं, त्याच राजेशाही सुरात. "आफ्टर टू ईट? बिफोर टू स्विम?" तो म्हणाला, खाल्ल्यानंतर, कोळंबी. "अँड यू केम विदाऊट टू गिव्ह हर एनी पिल?" नाही दिली, तो म्हणाला, काहीच दिलं नाही. तिनं वळून आमच्या भाषेत आरोळी ठोकली, "डॉक्टर! कोळंबी बाधलीय, घसा बंद होतोय, औषध काही घेतलेलं नाही!" डॉक्टर सुई घेऊनच बाहेर आला.

बाई वाचली. पंधरा मिनिटांत तिच्या ओठांना रंग आला.

एव्हांथिया सांडलेलं पाणी पुसायला लागली, तेव्हा तिला मी दिसलो, पट्ट्यासकट.

"अरे देवा, तुम्ही इथंच?" ती हसली. "तीन केल्या ना मी? मी म्हणत असतानाच मला कळलं. तीन शेपट्या राहिल्या."

"कुणाच्या लक्षात आलं नाही," मी म्हणालो.

"तुमच्या आलं की," ती म्हणाली आणि फडकं पिळलं.

त्यात टोमणा नव्हता, हे सगळ्यात वाईट. तिला खरोखर वाटत होतं की चूक तिची आहे. नर्सनं माझा रक्तदाब घेतला आणि पुन्हा घेतला, कारण पहिला आकडा तिला खोटा वाटला.

त्या संध्याकाळी मी कपाटातून तिचा कागद काढला. सात गोलांपैकी सहांवर काट मारली, बारा गुण परत दिले. सहासष्ट. चोपन्न खोडून बाजूला सहासष्ट लिहिलं आणि कागद खिशात घातला. महिनाभर तो खिशात होता. तिच्या घराकडे जाणाऱ्या चढावर मी चार वेळा गेलो आणि चारही वेळा बेकरीपासून परतलो.

डिसेंबरच्या सुरुवातीला मेरोपीनं सांगितलं, एव्हांथियाचा करार संपला, ह्या वेळी नवा नाही. ती बेट सोडून थेसालोनिकीला बहिणीकडे चालली आहे, हॉटेलच्या धुलाईखान्यात. आजच्याच बोटीनं.

"जा," मेरोपी म्हणाली. "खिशातलं काय ते तिला देऊन ये. महिनाभर पँट धुवायला टाकली नाहीस, मी काय आंधळी आहे?"

वाऱ्यामुळं बोटीला निघायची परवानगी मिळत नव्हती. धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात एव्हांथिया दोन बोचकी आणि एक सुटकेस घेऊन बसली होती.

"मास्तर! तुम्ही कुठं निघालात?"

"कुठं नाही. तुला भेटायला."

"म्हणजे अजून एक चाचणी," ती म्हणाली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

मी सोप्या बाजूनं सुरुवात केली. भित्रा माणूस कबूल करायला बसला की आधी लहान पाप काढतो.

"एक गोष्ट तुला सांगायची राहिली," मी म्हणालो. "फॉर्म वर्गामार्फतच भरावा लागतो असं नाही. तू स्वतः..."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. चाचणीनंतर मी काव्हालाला फोन केला होता. बाई चांगली होती. म्हणाली, शुक्रवारपर्यंत पाठवा. फॉर्म आणवला, भरला, सही केली."

"मग पाठवला का नाहीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारतोय.

"तुम्ही चोपन्न म्हणालात ना. थेआनोबाईनं सांगितलं असतं तर मी तिच्यासमोर नाक वर करून फॉर्म पाठवला असता. पण तुम्ही जहाजावरचे. कानानं शिकलेले, माझ्यासारखे. म्हटलं, हा माणूस आपल्याला फसवणार नाही. ह्यानं कच्चं म्हटलं म्हणजे कच्चंच. शुक्रवारी फॉर्म चुलीत घातला."

कॉफीवाल्यानं कप आणून ठेवले. मी खिशातून कागद काढून तिच्यापुढं ठेवला. बोलता आलं असतं तर मी आधीच बोललो असतो.

तिनं चष्मा लावला. आधी आपलं लिहिणं वाचलं, सावकाश, ओठ हलवत. मग कोपऱ्यातले आकडे.

"हे सहासष्ट कधी लिहिलंत?"

"ऑक्टोबरात."

"आणि फेब्रुवारीत किती होते?"

"फेब्रुवारीतही सहासष्टच होते."

तिनं चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. बाहेर दोरखंड कुरकुरत होते. मी वाट बघत होतो की ती ओरडेल. मला ते हवं होतं. कप माझ्या तोंडावर फेकला असता तर मी तिचे आभार मानले असते.

"फोटोंसाठी?" तिनं विचारलं.

"हो."

"पोरांच्या फोटोंसाठी." तिनं कागदाची नीट घडी घातली आणि माझ्याकडे सरकवली. "मग हा लावा. माझा फोटो नको. हा लावा काचेवर, त्या चौदांच्या शेजारी."

तेवढ्यात भोंगा वाजला, परवानगी मिळाली होती. मी बोचकं उचलायला वाकलो.

"राहू दे," ती म्हणाली. "सवय आहे मला."

बोटीच्या फळीवरून ती वर गेली, दोन बोचकी एका हातात, सुटकेस दुसऱ्या. मागं वळली नाही. का वळावं?

कागद मी काचेवर लावला नाही. उद्या लावू, जूननंतर लावू, निकालानंतर लावू. पुढच्या वर्षी निकाल पुन्हा शंभर टक्के लागला. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग बेटावरची पोरं कमी झाली, उरली ती थेआनोबाईकडे गेली, कारण तिनं कॉम्प्युटर आणले. सहाव्या वर्षी मी वर्ग बंद केला, फोटो सोलून काढले, लाल वाक्य पत्र्यानं खरवडलं. आणि मग त्या रिकाम्या काचेवर तिचा कागद चिकटवला. रिकाम्या काचेवर काहीही लावायला छाती लागत नाही, हे मला ठाऊक आहे. मेरोपीही तेच म्हणाली.

एव्हांथिया परत आली नाही. दोन पत्रं मी टाकली, उत्तर नाही.

दुकान अजून भाड्यानं गेलेलं नाही. कागद तिथंच आहे. आमच्याकडचं ऊन लाल शाई आधी खातं. माझे सातही गोल गेले, काट मारलेल्या रेघा गेल्या, चोपन्न गेले, सहासष्टही गेले. तिचं निळं बॉलपेन मात्र टिकलंय. बेकरीतून येताना मी थांबतो आणि शेवटची ओळ वाचतो. शी डाइड विदाऊट टू बी अफ्रेड. माझे हात आपोआप जाळं ओढायला उचलले जातात. मी ते खिशात घालतो.